अपनेवाला गायकवाड

1983चा उन्हाळा. उज्जैनच्या देवास गेटवर तुम्ही बसमधून उतरता तेव्हा इंजिन चालूच असतं आणि कंडक्टर दारात एका पायावर लटकून ‘देवास, देवास, देवास’ असा एका दमात पुकारा करत असतो. स्टेशनाकडून ट्रंका-वळकट्या घेऊन येणारी माणसं, महाकालाकडे जाणारे टांगे, कचोरीच्या कढईभोवती गर्दी. भिंतीवर आत्ताच पोस्टर डकवलंय, खळ अजून ओली आहे. ‘अंधा कानून’. हेमामालिनी आहे, रीना रॉय आहे, आणि पाहुणा कलाकार असला तरी ज्याच्यासाठी गाव लोटणार तो अमिताभ आहे. त्यांच्यात एक सावळा, विस्कटल्या केसांचा चेहरा आहे. हिंदीतला त्याचा हा पहिलाच चित्रपट.

माधव कॉलेजची दोन पोरं पोस्टरपाशी थांबतात.

“अरे भिया, हा आहे ना, हा अपनेवाला आहे.”

“हट्! मद्रासी आहे यार तो.”

“गायकवाड आहे. शिवाजीराव गायकवाड. घरात मराठीच बोलतात. आमच्या काकांनी सांगितलं.”

दुसऱ्याला पटत नाही. पण पहिल्याच्या चेहऱ्यावर जो आनंद आहे तो नीट पाहून ठेवा. उज्जैनमधल्या मराठी घरातला हा मुलगा. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकालाचं देऊळ पुन्हा उभारलं, त्या सुमारास इकडे आलेल्या माणसांच्या पाठोपाठ अशी घरं माळव्यात रुजली. 1810मध्ये शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला गेली, घरं इथंच राहिली. घरात आजीशी मराठी, उंबरा ओलांडला की हिंदी, दोन्हींची सरमिसळ झाली तरी कुणाला खटकत नाही. ह्याच माधव कॉलेजात गजानन माधव मुक्तिबोध शिकले. मातृभाषा मराठी आणि सगळी कविता हिंदीत. धाकटे बंधू शरच्चंद्र मात्र मराठीतले कवी. एकाच घरातले दोन भाऊ दोन भाषांना वाटले गेले, आणि दोन्ही भाषा श्रीमंत झाल्या. त्यामुळे दूर मद्रासेत कुणी गायकवाड तमिळ माणसाच्या गळ्यातला ताईत झालाय, हे ऐकून ह्या मुलाला जे वाटतं ते पुण्यातल्या मुलाला तितकं कळणार नाही.

डबल बेल वाजते. तुम्ही घाईनं पुन्हा बसमध्ये चढता, आणि बाहेरच्या पाट्या बदललेल्या असतात. अक्षरं कानडी आहेत. साल 1972 किंवा 73, गाव बंगळूर, बस बंगळूर ट्रान्सपोर्ट सर्व्हिसची.

गाडी खच्चून भरली आहे आणि तरी तो गर्दीतून सरकतोय. खाकी शर्ट, खांद्याला चामडी पिशवी. डाव्या हाताच्या बोटांत उभ्या घड्या घातलेल्या नोटा, एका बोटाआड एक. तिकीट फाडताना तो हाताकडे बघत नाही, उतारूकडेही बघत नाही. नाणं हवेत उडवून झेलतो, उरलेले पैसे हातावर ठेवतो, मान झटकून कपाळावरचे केस मागे टाकतो आणि पुढच्या सीटशी पोचलेला असतो. त्याच्याकडूनच तिकीट घ्यायचं म्हणून लोक थांबून राहायचे असं सांगतात. पुढे ज्याला सगळा देश ‘स्टाइल’ म्हणणार, ती इथं दोन थांब्यांच्या मधल्या वेळात तयार होते आहे. भरल्या बसमध्ये दोन मिनिटांत चाळीस माणसांची तिकिटं फाडायची तर हात असेच चालावे लागतात. मला त्याच्या सगळ्या लकबींत हे कष्टाचं मूळ दिसतं, आणि म्हणूनच त्याची नक्कल करणाऱ्यांच्या हातात ते कधी येत नाही.

12 डिसेंबर 1950चा जन्म. वडील रामोजीराव पोलिसात हवालदार. पूर्वजांचं गाव पुणे जिल्ह्यात जेजुरीजवळचं मावडी कडेपठार. चार भावंडांत हा धाकटा, आणि नाव ठेवलं थेट छत्रपतींचं. नऊ वर्षांचा असताना आई गेली. भावानं रामकृष्ण मठात घातलं. तिथं महाभारतातल्या एका नाटकात त्याने एकलव्याच्या मित्राचं काम केलं आणि द. रा. बेंद्रे यांनी कौतुक केलं. कन्नडचे एवढे मोठे कवी, आणि धारवाडच्या त्यांच्या घरातली बोली मराठी! त्या संध्याकाळी मठात दोन मराठी घरांची गाठ पडली ती कन्नडमध्ये. पुढे हमाली झाली, सुतारकाम झालं, मग ही पिशवी खांद्याला आली.

आता पुढे ड्रायव्हरकडे बघा. राज बहादूर त्याचं नाव. मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये जा, असा ह्या कंडक्टरच्या मागे लकडा लावणारा तोच, आणि स्वतःच्या पगारातून पैसे पुरवणाराही तोच. घरून विरोध असताना एक बस ड्रायव्हर आपल्या मित्रावर पैसे लावतो. कुठल्या आशेवर? मला तरी त्याला मैत्रीपलीकडे दुसरं उत्तर सापडत नाही.

पुढचा थांबा मद्रास, 15 ऑगस्ट 1975. के. बालचंदर यांचा ‘अपूर्व रागंगळ’ लागलाय. नायक कमल हासन, नायिका श्रीविद्या. थिएटरात कुणी ह्या पोराच्या नावानं आलेलं नाही. दाढी वाढलेला, मळक्या कोटातला एक माणूस लोखंडी फाटकाची दोन्ही दारं ढकलून आत येतो. आजारी आहे, फार दिवस जगणार नाही. काम छोटंसं. तुमच्या शेजारचा प्रेक्षक चुळबुळ करतोय, त्याला घरी जाऊन काय सांगायचं ते अजून माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे, म्हणून तुमच्या अंगावर काटा येतो.

श्रेयनामावलीत शिवाजीराव नाही. तमिळ पडद्यावर एक शिवाजी आधीच होता. विळुपुरमच्या गणेशन नावाच्या पोराने अण्णादुरैंच्या नाटकात शिवाजी महाराजांची भूमिका केली, ती पाहून पेरियारांनी त्याला शिवाजी म्हटलं, आणि ‘पराशक्ती’पासून तो तमिळ अभिनयाचा मानदंड झाला. म्हणून बालचंदर यांनी आपल्या जुन्या ‘मेजर चंद्रकांत’मधल्या एका पात्राचं नाव काढून ह्या नव्या पोराला दिलं: रजनीकांत. एका तमिळ नटाकडे महाराजांचं नाव चालत आलं, आणि जन्मतः ते नाव मिळालेल्या मराठी मुलाने ते घरापुरतं ठेवलं. दोघांनीही तमिळ मातीला आयुष्य दिलं. मला ह्यात कुठंच नुकसान दिसत नाही.

थोडं पुढे या, तीनच वर्षं. पुन्हा 15 ऑगस्ट, 1978. महेंद्रन यांचा ‘मुळ्ळुम मलरुम’. रजनीकांत म्हणजे नुसती सिगारेट उडवणं असं ज्यांना वाटतं त्यांना हाताला धरून ह्या खेळाला बसवावं. काली हा डोंगरातल्या वीजप्रकल्पावर विंच चालवणारा कामगार. तापट, हट्टी, आणि धाकट्या बहिणीवर, वल्लीवर, जीव ओवाळून टाकणारा. साहेबाशी त्याचं पटत नाही. अपघातात हात जातो, नोकरी जाते, आणि नेमका तोच साहेब वल्लीला मागणी घालतो. काली नाही म्हणतो. शेवटी लग्नाला निघालेली बहीण सगळ्यांना सोडून भावाकडे धावत येते तेव्हा त्याचा चेहरा बघा. आधी विजय, मग अभिमान, मग डोळ्यांत पाणी. आणि मग तो स्वतःच तिला साहेबाच्या हाती देतो, तेही तुम्ही मला अजूनही आवडत नाही असं तोंडावर सांगून. बालू महेंद्र यांचा कॅमेरा, इळैयाराजांचं संगीत, आणि मधोमध एक हात गमावलेला हा माणूस. बालचंदर यांनी हे काम पाहून शिष्याला अभिमानाचं पत्र लिहिलं. हिंदीने त्याला हे कधी करू दिलं नाही, ही माझी जुनी खंत आहे. ‘चालबाज’मधला टॅक्सीवाला जग्गू धमाल आहे, ‘हम’मधला मधला भाऊ जीव लावतो, पण हिंदीवाल्यांनी त्याचे हात पाहिले, त्याचं गप्प राहणं पाहिलं नाही.

1992. देवास गेट, आणि सिंहस्थ. रस्ता दिसत नाही इतकी माणसं. दक्षिणेतून आलेल्या यात्रेकरूंची एक बस बाजूला लागली आहे. तिचा क्लीनर पोरगा पाणी कुठं मिळेल हे विचारतोय, पण त्याची तमिळ इथं कुणाला कळत नाही आणि त्याला हिंदी येत नाही. पोस्टरपाशी उभा होता तो मुलगा आता कमावता झालाय, सेवेकऱ्यांत आहे. तो पाणी देतो आणि सहज विचारतो, “रजनी?” क्लीनरच्या हातातून तांब्या खाली ठेवला जातो. दोन बोटांत नसलेली सिगारेट धरून तो हवेत भिरकावतो आणि ओठांत झेलतो. मग नमस्कारासाठी हात जोडतो आणि वर, सूर्याकडे दाखवतो. गेल्या दिवाळीत मणिरत्नमचा ‘दळपती’ आला होता: कर्णाची गोष्ट, आईने मालगाडीत सोडलेला मुलगा सूर्या. आमच्या मित्राला त्यातलं काहीच माहीत नाही. पण तोही मान झटकून केस मागे टाकतो, आणि दोघं एकमेकांच्या पाठीत थाप मारून हसतात. उत्तर-दक्षिणेच्या एकात्मतेवर किती भाषणं झाली असतील त्या महिन्यात. तुम्ही मात्र हे पाहिलंत.

1995मधून भरभर चला, ‘बाशा’चा रिक्षावाला माणिक्कम खांबाला बांधून मार खातोय आणि थिएटर गुदमरलंय, एवढं डोळ्यांत साठवा. 2002च्या ‘बाबा’ला लोक आले नाहीत, तेव्हा वितरकांचं नुकसान त्याने भरून दिलं हेही ध्यानात ठेवा. जून 2007, चेन्नई: चित्रपटाचं नावच ‘शिवाजी’. पहाटेचा खेळ, अंधारात ढोल, उंच कटआउटवर दुधाची धार. बाहेरगावचे लोक ह्याला वेडेपणा म्हणतात. महाकालाच्या भस्मारतीसाठी पहाटेच्या अंधारात उठून ओलेत्याने रांग लावणाऱ्या उज्जैनकराला त्यातली ओढ पटकन कळते. देव आणि नट एक नव्हेत, पण कुणासाठी तरी झोप मोडून उठावंसं वाटणं, ते दोन्हीकडे सच्चं आहे.

मे 2017, चेन्नईचं राघवेंद्र मंडपम. तुम्ही चाहत्यांमध्ये दाटीवाटीने उभे आहात. तू तमिळ आहेस का, हा प्रश्न विरोधकांनी त्याला अनेकदा विचारलाय. तो सरळ हिशेब मांडतो: तेवीस वर्षं कर्नाटकात गेली, चव्वेचाळीस तमिळनाडूत. मी मराठी म्हणून आलो असेन, कन्नडिग म्हणून आलो असेन, तुम्ही मला तमिळ केलंत. टाळ्यांनी छप्पर दणाणतं. तुमच्या मनात 1983चा तो ‘अपनेवाला’ येतो, आणि क्षणभर वाटतं की आपला माणूस हातचा गेला. नाही गेला. मुक्तिबोध हिंदीचे झाले म्हणून माळव्यातल्या मराठी घराचे राहिले नाहीत काय? ज्यांच्यात राहायचं त्यांचं होऊन राहायचं, हे त्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं. गायकवाडांनी तेच केलं, फक्त कोट्यवधी लोकांच्या देखत.

आणि 25 ऑक्टोबर 2021, दिल्ली. दादासाहेब फाळके पुरस्कार. तेच फाळके, त्र्यंबकेश्वरचे, ज्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’पासून आपला चित्रपट सुरू झाला. पांढऱ्या कपड्यांतला, पांढऱ्या दाढीचा माणूस मंचावर उभा राहून हा मान कुणाकुणाचा ते सांगतो. गुरू बालचंदर. थोरले बंधू सत्यनारायणराव, ज्यांनी बापाच्या मायेनं वाढवलं. आणि मग, मंत्री आणि मान्यवर ऐकत असताना, बंगळूरच्या बसचा ड्रायव्हर राज बहादूर, ज्याला ह्या कंडक्टरमध्ये नट दिसला. शेवटी तमिळ जनता, जिच्याशिवाय मी कुणीच नाही असं तो म्हणतो.

असल्या सभागृहात शिट्टी मारायची पद्धत नाही. तुम्ही दोन बोटं तोंडात घालता आणि मारता.