भिंतीचें तिसरें परिमाण

नागपुरास तट घातला तो अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, गोंड राजा चांद सुलतान यानें. त्या तटाचा बहुतेक भाग आज दिसत नाहीं. महालांतील जुम्मा दरवाजा, ज्यास आपण गांधी गेट म्हणतों, तेवढा त्याची साक्ष देत उभा आहे. अशा नाहींशा होणाऱ्या भिंतींचें रूप पुढील पिढ्यांच्या हातीं कसें द्यावें, हा प्रश्न केवळ स्थापत्याचा नसून इतिहासाचाहि आहे, असें आम्हांस वाटतें.

कागदावरील नकाशांत भिंत म्हणजे दोन समांतर रेघा. त्यांवरून लांबी व जाडी कळे. उंचीसाठीं दर्शनी नकाशा आणि पोटांतील रचनेसाठीं छेद निराळा काढावा लागे. तिहींची सांगड पाहणाऱ्यानें मनांतच घालावयाची.

१९६३ मध्यें अमेरिकेंत आयव्हन सदरलंड यांनीं संगणकाच्या पडद्यावर प्रकाश-लेखणीनें आकृति काढून दाखविली. १९८२ मध्यें निघालेल्या ऑटोकॅडनें ती सोय लहान संगणकांवर आणिली. पुढें तिसरें परिमाण साधण्याचे दोन मार्ग रूढ झाले. पहिल्यांत तळाची बंद आकृति काढून ती हवी तितकी वर ओढावयाची, व दाराखिडक्यांच्या जागीं तेवढे ठोकळे वजा करावयाचे. दुसऱ्यांत भिंत ही रेघ नसून वस्तूच असते. हंगेरींतील ग्राफिसॉफ्ट कंपनीचें आर्किकॅड आणि २००० सालीं निघालेलें रेव्हिट हीं या मार्गाचीं. येथें भिंतीस आपली जाडी, उंची व थर ठाऊक असतात. दार बसवितांच ती आपण होऊन वाट देते. आणि तिन्ही नकाशे एकाच आकारापासून निघतात.

परंतु तिचें हें शहाणपण ओळंब्यांत उभ्या, सारख्या जाडीच्या आधुनिक भिंतीपुरतें. जुने तट बहुधा तळाशीं रुंद व माथ्याकडे निमुळते. रेव्हिटमध्यें कललेली भिंत आली २०२१ च्या आवृत्तींत, आणि निमुळती २०२२ च्या. जेथें जाडी पावलोपावलीं बदलते, तेथें अजूनहि ठिकठिकाणचे छेद मोजून घेऊन ते एकमेकांस जोडावे लागतात.

सारख्या जाडीची भिंत क्षणांत उभी राहते, हाच खरा मोह आहे. त्यास बळी पडल्यास चित्र सुबक होईल, पण इतिहास खोटा ठरेल. यास्तव, तट उभा आहे तोंवरच त्याचीं मापें घेतलीं पाहिजेत; पडलेल्या भिंतीचा छेद कोणतेंहि यंत्र देऊं शकत नाहीं.