शिगेचे माप आणि सरकारी शिक्का

महाराष्ट्राच्या ग्रामव्यवहारात धान्य तोलण्यापेक्षा मापण्याचीच रीत दीर्घकाळ रूढ होती, आणि वजनमापांवरील सरकारी नियंत्रण इथे इतक्या उशिरा का स्थिरावले याचे कारण बऱ्याच अंशी या रीतीत सापडते. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण व वीस मणांची खंडी हे कोष्टक परिचित असले, तरी मुळातला शेरच गावोगाव निराळा असे. शिवाय माप काठाशी सपाट करायचे की त्यावर शीग, म्हणजे काठाच्या वर उभी राहणारी धान्याची निमुळती रास, ठेवायची, हे रिवाजावर अवलंबून असे. बलुते, खंड आणि सावकाराची फेड धान्यातच होत असल्याने माप भरणाऱ्या हाताला जे सामर्थ्य लाभे, त्याचा भार बहुधा दुर्बळ पक्षावरच पडे.

नियमनाची कल्पना मात्र नवी नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पौतवाध्यक्ष, म्हणजे वजनमापांचा अधिकारी, दर चार महिन्यांनी मापे तपासून मुद्रांकित करतो आणि मुद्रा नसलेले माप वापरणाऱ्यास सव्वासत्तावीस पण दंड सांगितला आहे.

इंग्रजी अमलात मुंबईचा जुना मण 28 पौंडांचा, तर बंगालचा सुमारे 82 पौंडांचा होता. 1871 च्या कायद्याने किलोग्रॅमइतक्या वजनाचा ‘शेर’ ठरवला, परंतु तो कायदा प्रत्यक्षात आलाच नाही. मुंबई प्रांताने 1932 मध्ये स्वतःचा वजनमाप कायदा केला; पुढे 1935 च्या राज्यघटना कायद्याने केवळ वजनाची प्रमाणे ठरवण्याचा अधिकार केंद्राकडे दिल्यामुळे 1939 च्या केंद्रीय कायद्यात 80 तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅमचा, शेर निश्चित झाला, पण पायली त्याच्या कक्षेबाहेरच राहिली. शिगेचा प्रश्न ज्या मापाशी निगडित होता, नेमके तेच वगळले गेले, ही या कायद्याची गंभीर उणीव मानावी लागते.

1956 च्या कायद्याने दशमान पद्धती स्वीकारली, 1 ऑक्टोबर 1958 पासून निवडक क्षेत्रांत किलोग्रॅम आला आणि 1 एप्रिल 1962 पासून व्यापारात मेट्रिक वजने सक्तीची झाली. धान्य तराजूवर गेल्याने शिगेला व्यापारात आधार उरला नाही. आजच्या नियमांनुसार वजने, आकारमापे व साधे तराजू दर 24 महिन्यांनी वैध मापन शास्त्र विभागाकडून फेरपडताळून शिक्कामोर्तब करून घ्यावे लागतात.