मद्यगृहाचा मागील दरवाजा : इंग्लंडातील परवाना-आराखड्यांचा इतिहास

इंग्लंड व वेल्स या प्रदेशांत मद्यविक्रीचा परवाना मागणाऱ्यास अर्जासोबत जागेचा आराखडा सादर करावा लागतो. वरवर पाहता ही बाब केवळ कारकुनी स्वरूपाची आहे. परंतु या आराखड्यात काय दाखविले पाहिजे यासंबंधीचे नियम कालक्रमाने वाचीत गेल्यास, राज्यसंस्थेला मद्यगृहात कशाचे भय वाटत आले याची एक नोंदच त्यांत सापडते. या नोंदीत दरवाज्याचे स्थान मोठे चमत्कारिक आहे. एके काळी जो बुजविण्याचा आग्रह होता, तोच पुढे मोकळा राखण्याचा आग्रह धरला गेला.

मद्यगृहांना परवाना घेणे आवश्यक करणारा १५५२ चा कायदा माणसाकडे पाहणारा होता. दोन न्यायाधिकाऱ्यांनी विक्रेत्याला अनुमती द्यावी व त्याच्याकडून सद्वर्तनाचा जामीन घ्यावा, एवढीच त्याची अपेक्षा होती; घराच्या भिंतींशी त्याला कर्तव्य नव्हते. १८३० च्या बिअर कायद्याने तर दोन गिनी भरणाऱ्या कोणत्याही करदात्या गृहस्थास बिअर विकण्याची मोकळीक दिली आणि न्यायाधिकाऱ्यांचे नियंत्रणच बाजूस सारले. ते १८६९ मध्ये पुन्हा प्रस्थापित झाले. त्यानंतर १८७२ च्या कायद्याने, परवान्याची जागा व शेजारची विनापरवाना करमणुकीची जागा यांना आतून जोडणारी वाट ठेवणे दंडनीय ठरविले. कायद्याची दृष्टी माणसावरून भिंतीकडे वळल्याचे हे एक आरंभीचे उदाहरण होय.

ही दृष्टी वळण्याचे कारण त्या काळच्या मद्यगृहांच्या रचनेत होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील शहरी पब म्हणजे एका सलग विक्रीफळीभोवती लाकूड व काच यांच्या आडोशांनी पाडलेले अनेक कप्पे. मजुरांसाठी 'पब्लिक बार', बऱ्या स्थितीतील गिऱ्हाइकांसाठी 'सलून', एकान्त इच्छिणाऱ्यांसाठी 'स्नग', आणि घरी बिअर नेणाऱ्यांसाठी 'जग अँड बॉटल' हा चिंचोळा विभाग. प्रत्येकाचे दार बहुधा वेगळे असे. फळीवर नक्षीदार काचेच्या फिरत्या झडपा बसवीत, म्हणजे पिणाऱ्याचा चेहरा फळीपलीकडील नोकरासही दिसू नये. लंडनच्या मेडा व्हेल भागातील 'प्रिन्स आल्फ्रेड' या पबात असे आडोसे व झडपा अद्याप पाहावयास मिळतात.

येथे शब्दांचा विचार अप्रस्तुत ठरू नये. 'बार' या शब्दाचा मूळ अर्थ अडसर किंवा आडवा दांडा असा असून, विक्रेता व गिऱ्हाईक यांमधील अडसरावरून तो संपूर्ण खोलीस लागला. म्हणजे इंग्रजी शब्द वास्तूच्या एका अवयवातून निघाला. मराठीतील 'गुत्ता' हा शब्द मुळात मक्त्याचा वाचक. तो जागेचे नव्हे, महसुलाचे स्मरण देतो. 'परमिट रूम' ही जोडी याहून वेगळी आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याच्याच हाती परवाना दिला, आणि त्या कागदाचे नाव खोलीस चिकटले. असो.

विक्टोरियाकालीन आडोसे वर्गभेदातून उपजले हे खरे. तथापि त्यांचा उपयोग केवळ प्रतिष्ठितांनाच होता असे नव्हे. ज्या स्त्रियांना उघड्या बारमध्ये उभे राहणे लोकरीतीमुळे अशक्य होते, त्यांना स्नगमध्ये बसता येई. पोलीस व न्यायाधिकारी यांच्या दृष्टीने मात्र आडोसा म्हणजे लपण्याची जागा, आणि मागील दरवाजा म्हणजे शिपाई पुढून येताच पळण्याची वाट. लिव्हरपूल, बर्मिंगहॅम यांसारख्या औद्योगिक शहरांत मागील दरवाजे बंद करविण्याचे प्रयत्न झाले. १८९६ ते १८९९ या काळात परवाना-कायद्यांविषयीच्या राजनियुक्त आयोगाचे काम चालले, तेव्हा देखरेखीचा हा प्रश्न ऐरणीवर आलेलाच होता.

१९०२ च्या कायद्याने त्याला निश्चित रूप दिले. परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी आराखडा मागण्याचा, आणि धंदा नीट चालावा म्हणून जेथे मद्य विकले व प्यायले जाते त्या भागात बांधकामाचे फेरफार करविण्याचा अधिकार न्यायाधिकाऱ्यांस मिळाला. त्याचबरोबर तीन प्रकारचे फेरफार त्यांच्या संमतीवाचून करण्यास मनाई झाली : पिण्याची सोय वाढविणारे, पिण्याचा भाग नजरेआड करणारे, आणि मद्यविक्रीच्या भागाचे इतर भागांशी वा रस्त्याशी असलेले दळणवळण बदलणारे. या तिहींतील मधले कलम सर्वांत बोलके आहे. आराखडा हे येथे मोजमापाचे साधन नसून पाहण्याचे साधन आहे. पबात पाऊल न टाकताही त्यातील कोपरान्‌कोपरा न्यायाधिकाऱ्यास दिसावा, हा त्याचा हेतू.

या धोरणाचा कळस कार्लाइल येथे झाला. ग्रेटनाच्या दारूगोळा-कारखान्यांतील कामगारांच्या मद्यपानास आळा घालण्यासाठी १९१६ मध्ये सरकारने त्या भागातील मद्यगृहेच ताब्यात घेतली. ही व्यवस्था १९७३ पर्यंत टिकली. तिचे वास्तुशिल्पी हॅरी रेडफर्न यांच्या रचनांत मोकळ्या, एका नजरेत सामावणाऱ्या दालनांवर भर होता. त्यांतून स्वच्छता, उजेड व अन्नाची सोय आली, हे मान्य केले पाहिजे. परंतु आडोसा काढल्याने वर्गभेद वा स्त्रियांची अडचण आपोआप नाहीशी होते, हा समज मात्र भ्रामक होता. बोल्टन शहरातील पबांची पाहणी करून 'मास ऑब्झर्वेशन' या संस्थेने १९४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून दिसते की, 'व्हॉल्ट' नावाच्या खोलीत स्त्रिया जात नसत, आणि चांगल्या खोलीत तीच बिअर पेनीभर महाग असे. ही रेषा कोणत्याही आराखड्यावर काढलेली नव्हती.

१९६४ च्या कायद्याने वरील तीन अटी जवळजवळ तशाच उचलल्या. खरा पालट २००३ च्या कायद्याने झाला. तो २००५ च्या नोव्हेंबरात पूर्णपणे अमलात येऊन परवान्याचा अधिकार न्यायाधिकाऱ्यांकडून स्थानिक परिषदांकडे गेला. २००५ च्या नियमांनुसार आराखड्यात भिंती व जागेची सीमा, येण्याजाण्याची दारे, निसटण्याचे मार्ग, त्या मार्गांत अडथळा करू शकणाऱ्या स्थिर वस्तू, रंगमंचाची उंची, जिने व उद्वाहने, प्रसाधनगृहे, स्वयंपाकघर, आणि अग्निसुरक्षेची साधने दाखवावी लागतात. परवाना नौकेसाठीही मिळू शकत असल्याने सागरी सुरक्षासाधनांचाही त्यांत उल्लेख आहे! नजरेआड होणाऱ्या भागाविषयी मात्र या यादीत स्वतंत्र कलम नाही. पिणारा लपेल ही चिंता मागे पडून तो आगीत कोंडला जाईल ही चिंता पुढे आली, आणि मागील दरवाज्याला 'निसटण्याचा मार्ग' हे सन्मानाचे नाव मिळाले.

प्रमाण आरंभी एका मिलिमीटरास शंभर मिलिमीटर असे ठरविले होते. २०१२ मध्ये ही सक्ती गेली. आराखडा स्पष्ट व वाचनीय असला म्हणजे पुरे, तो व्यावसायिकाकडून काढविण्याचेही बंधन नाही. १९०२ नंतर न्यायाधिकाऱ्यांच्या कार्यालयांत जमा झालेले कित्येक जुने आराखडे आता परगण्यांच्या दप्तरखान्यांत जतन केलेले आहेत. ते आडोसे पाहून पाडावेत म्हणून मागविले गेले होते; पुढे पाडलेल्या अनेक स्नगांची लांबीरुंदी व दारांची जागा आज कळते ती त्या कागदांवरूनच.