यूथ कपची सनावळी : एक वाचन

विक्रमांची यादी हा लेखनप्रकार साहित्याच्या अभ्यासकांनी फारसा मनावर घेतलेला नाही. वर्ष, विजेता, उपविजेता आणि गोलसंख्या असे चार रकाने. त्यांत वाचण्यासारखे काय असणार, असेच आपण धरून चालतो. बखर वाचावी, सनावळी पाहावी, हा आपला रिवाज. परंतु काही सनावळ्या अशा असतात, की त्या नुसत्या पाहून बाजूला ठेवता येत नाहीत. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनतर्फे अठरा वर्षांखालील मुलांसाठी होणाऱ्या ‘एफए यूथ कप’ या स्पर्धेच्या विजेत्यांची यादी मला त्यांपैकी एक वाटते.

ही स्पर्धा साखळी पद्धतीची नव्हे, बाद पद्धतीची. तिचा प्रारंभ 1952-53 च्या मोसमात झाला. यादीतल्या पहिल्या पाचही ओळींत विजेत्याच्या रकान्यात एकच नाव दिसते, मँचेस्टर युनायटेड. त्या काळी अंतिम लढत दोन सामन्यांची असे आणि दोन्ही सामन्यांतील गोलांची बेरीज धरली जाई. 1953 मध्ये वूल्व्हरहॅम्प्टनविरुद्ध 9-3, 1954 मध्ये पुन्हा त्याच संघाविरुद्ध 5-4, 1955 मध्ये वेस्ट ब्रॉमविचविरुद्ध 7-1, 1956 मध्ये चेस्टरफील्डविरुद्ध 4-3 आणि 1957 मध्ये वेस्ट हॅमविरुद्ध 8-2. पहिल्याच मोसमात या मुलांनी नॅन्टविचच्या संघावर 23 गोल केले आणि एकही स्वीकारला नाही. मोठ्या फरकाच्या विजयाचा विक्रम म्हणून त्या आकड्याचा उल्लेख आजही होतो.

1958 च्या ओळीत विजेत्याचे नाव बदलते. वूल्व्हरहॅम्प्टनने चेल्सीला 7-6 असे हरवले. पहिला सामना 1-5 असा गमावून दुसरा 6-1 असा जिंकला, म्हणजे पराक्रम खराच. यादी पाहणारा एवढेच म्हणेल की एका संघाची सद्दी संपली आणि दुसऱ्याची सुरू झाली. पाचव्या आणि सहाव्या ओळीच्या मधल्या कोऱ्या जागेत काय घडले, हे यादी सांगत नाही. ते सांगणे तिचे कामही नव्हे.

ते असे. 5 फेब्रुवारी 1958 रोजी युनायटेडचा मुख्य संघ बेलग्रेडमध्ये युरोपियन कपचा सामना खेळला. दुसऱ्या दिवशी परततांना इंधनासाठी विमान म्यूनिकला उतरले. धावपट्टीवर अर्धवट वितळलेल्या बर्फाचा राडा होता. उड्डाणाचे दोन प्रयत्न सोडून द्यावे लागले, तिसऱ्या प्रयत्नात अपघात झाला. एकूण 23 माणसे मरण पावली, त्यांत आठ खेळाडू होते. आता या आठ नावांसमोर 1953 च्या यूथ कप विजेत्या संघाची नावे ठेवून पाहावीत. एडी कोलमन, डंकन एडवर्ड्स, बिली व्हेलन आणि डेव्हिड पेग ही चार नावे दोन्हीकडे आहेत. पाचवा, अल्बर्ट स्कॅनलन, गंभीर जखमी होऊन वाचला. स्पर्धेच्या पहिल्याच विजेत्या संघातले चौघे पाच वर्षांच्या आत गेले. कोलमन आणि एडवर्ड्स एकवीस वर्षांचे होते, पेग आणि व्हेलन बावीसचे.

एडवर्ड्सविषयी थोडे अधिक सांगायला हवे. एप्रिल 1953 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो मुख्य संघाकडून खेळला. 2 एप्रिल 1955 रोजी स्कॉटलंडविरुद्ध तो इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात उतरला, तेव्हा अठरा वर्षांचा होता. त्याच महिन्याच्या अखेरीस तोच खेळाडू मुलांच्या यूथ कपच्या अंतिम लढतीत खेळत होता. 1953, 1954 आणि 1955 अशी लागोपाठ तीन पदके त्याच्या नावावर आहेत. बॉबी चार्ल्टनच्या नावावरही तीनच, 1954 ते 1956. यादीच्या हिशेबाने दोघे बरोबरीचे. पण चार्ल्टन म्यूनिकहून परतला, 1966 मध्ये विश्वविजेत्या इंग्लंडकडून आणि 1968 मध्ये युरोपियन कप जिंकणाऱ्या युनायटेडकडून खेळला. एडवर्ड्स अपघातानंतर पंधरा दिवस रुग्णालयात झुंजला आणि 21 फेब्रुवारीला गेला. समान नोंदींचे अर्थ इतके असमान असू शकतात.

मृतांमध्ये क्लबचे चिटणीस वॉल्टर क्रिकमर हेही होते. अध्यक्ष जेम्स गिब्सन यांच्यासह त्यांनी 1938 मध्ये क्लबची कनिष्ठ शाखा उभी केली होती. खेळाडू विकत घेण्यापेक्षा घडवावेत ही जी दृष्टी पुढे मॅट बझ्बी आणि जिमी मर्फी यांच्या हातून फळाला आली, तिचे बी तिथे पडले होते. विजेत्यांच्या यादीत चिटणिसांचा रकाना नसतो.

या घटनाक्रमातला एक कागद मला यादीइतकाच महत्त्वाचा वाटतो. अपघातानंतरचा पहिला सामना 19 फेब्रुवारीला शेफील्ड वेन्सडेविरुद्ध झाला. सामन्याची छापील पुस्तिका तयार करतांना युनायटेडकडून कोण खेळणार, हे कुणालाच ठाऊक नव्हते. त्यामुळे पाहुण्या संघाची नावे छापली गेली आणि युनायटेडच्या रकान्यात अकरा जागा कोऱ्या ठेवल्या गेल्या. त्या कोऱ्या जागा भरल्या कुणी? 1955 च्या यूथ कप विजेत्या संघातल्या शे ब्रेनन या मुलाने मुख्य संघातल्या आपल्या पहिल्याच सामन्यात दोन गोल केले. तिसरा गोल सतरा वर्षांच्या अ‍ॅलेक्स डॉसनचा, तोही यूथ संघातूनच आलेला. युनायटेड 3-0 असे जिंकले. यूथ कपचे पहिले पाच विजय क्लबच्या दृष्टीने काय होते, हे त्या रात्री कळले. त्याच मोसमात यूथ संघ मात्र उपांत्य फेरीत वूल्व्हरहॅम्प्टनकडून हरला आणि सनावळीतले त्याचे नाव खंडित झाले.

इथे आक्षेप घेतला जाईल की ही दुर्घटना अपवादात्मक आहे आणि अपवादावरून यादीचे मूल्य ठरवू नये. आक्षेप रास्त आहे, म्हणून दुर्घटना नसलेल्या ओळी पाहू. 1956 च्या लढतीत हरलेल्या चेस्टरफील्डचा गोलरक्षक होता गॉर्डन बँक्स. दहा वर्षांनी तो आणि त्याला हरवणारा चार्ल्टन एकाच विश्वविजेत्या संघात होते. 1992 मध्ये युनायटेडने क्रिस्टल पॅलेसला 6-3 असे हरवले. गिग्ज, बेकहॅम, बट, गॅरी नेव्हिल यांची ती प्रसिद्ध पिढी. तिच्याबरोबर ज्याचे नाव हटकून घेतले जाते तो पॉल स्कोल्स 1992 च्या अंतिम लढतीत नव्हताच. तो होता 1993 च्या लढतीत, आणि ती लीड्सने 4-1 अशी जिंकली. बेकहॅम-स्कोल्सना हरवणाऱ्या त्या लीड्सच्या मुलांपैकी कुणाचे नाव आज आपल्याला सांगता येईल?

चेल्सीने 2014 ते 2018 अशी लागोपाठ पाच विजेतेपदे मिळवून 1953-57 च्या विक्रमाची बरोबरी केली. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या तर सारख्याच दिसतात. परंतु युनायटेडची मुले यूथ कपमधून थेट मुख्य संघात जात. चेल्सीच्या मुलांपैकी बहुतेकांना इतर क्लबांकडे उसनवारीवर धाडले जाई. 2019 मध्ये चेल्सीवर नवे खेळाडू घेण्याची बंदी आली, तेव्हा कुठे टॅमी अब्राहम, मेसन माउंट, रीस जेम्स यांना मुख्य संघात मनासारखी संधी मिळाली. 2021 मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकणाऱ्या संघात माउंट आणि जेम्स होते. म्हणजे कुवत होती, दार उघडायला बंदी यावी लागली.

प्रौढांच्या स्पर्धेतली नोंद घडून गेलेल्या कर्तृत्वाची असते. किशोरांच्या स्पर्धेतली नोंद ही एक शक्यता असते, आणि ती पुढे कुणी सांभाळली की नाही, हे त्या नोंदीत येत नाही. म्हणून अशी यादी इतिहासाचे साधन आहे, इतिहास नव्हे. ती वाचतांना उपविजेत्याचा रकाना वाचावा लागतो, दोन ओळींमधली जागा वाचावी लागते आणि दहा-वीस वर्षे पुढे जाऊन परत यावे लागते. 2022 मध्ये युनायटेडने नॉटिंगहॅम फॉरेस्टला हरवून अकराव्यांदा यूथ कप जिंकला, तेव्हा ओल्ड ट्रॅफर्डवर 67,492 प्रेक्षक होते. त्या मुलांविषयीचा निर्णय देण्याची घाई आपण करू नये.

हे सारे लिहायला कारण घडले ते आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचे. ‘अभिनंदनीय यश’ या मथळ्याखाली दर वर्षी आम्ही अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींची नावे छापतो. वक्तृत्व, निबंध, कबड्डी, काव्यवाचन, प्रथम, द्वितीय. यंदा मुद्रिते तपासतांना सहज पंधरा वर्षांपूर्वीचा अंक काढला आणि त्यातल्या नावांवरून बोट फिरवत गेलो. बहुतेकांचे पुढे काय झाले, हे मला सांगता येईना. यादी अचूक होती, एकही चूक नव्हती. ती छापून आम्ही आमचे काम संपले असे मानले, हीच काय ती चूक.