घरचे शिवण आणि शब्दांची साक्ष

जुन्या जमाखर्चांत कापड भेटते आणि शिंपीही भेटतो. कापडाला मोल द्यावे लागे, शिंप्याला मजुरी द्यावी लागे, म्हणून दोघांची नोंद झाली. घरातल्या स्त्रीने आपल्या मुलासाठी घातलेला टाका मात्र हिशेबाच्या कागदावर येत नाही, कारण त्यासाठी कोणी पैसा मोजलेला नसतो. ज्या श्रमाला मोल नाही त्याला दप्तरही नाही, अशी ही अडचण आहे. कागद मुका झाला की शब्दाला बोलते करावे, ही रीत वि. का. राजवाडे यांनी आपल्याकडे रुजविली. त्यांच्या अनेक व्युत्पत्ती आज टिकणार नाहीत. रीत मात्र टिकली आहे. घरगुती शिवणाच्या इतिहासासाठी तिचाच आधार घ्यावा लागतो.

शिवलेले कपडे आपल्याकडे मुसलमानी राजवटीबरोबर आले, असा एक समज अद्याप ऐकू येतो. धोतर आणि लुगडे ही न शिवलेली वस्त्रे आहेत आणि सोवळ्यात शिवलेले वस्त्र चालत नाही, ही या समजाची दोन बळे. डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९५१ साली भारतीय वेषावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला तेव्हापासून या विषयाची चर्चा शिल्पांच्या आधारे पुष्कळ झाली आहे. भाषेची साक्ष त्याहून सरळ आहे. ‘शिवणे’ हे ‘सीव्यति’चे, ‘सुई’ हे ‘सूची’चे, ‘कातर’ हे ‘कर्तरी’चे वंशज होत, ‘चोळी’च्या मागे ‘चोल’ आहे आणि ‘शिंपी’ हा तर ‘शिल्पिन्’ आहे. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात राका देवतेने न तुटणाऱ्या सुईने आपले काम शिवावे व वीर पुत्र द्यावा, अशी प्रार्थना आहे. सुई आणि अपत्य एकाच ऋचेत यावीत, हे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

फारसी शब्दांचा थर यानंतरचा. अस्तर, अस्तनी, बगल, जरी, रफू, दर्जी हे शब्द दरबारी वेषाबरोबर व तो शिवणाऱ्या कारागिराबरोबर आले. ‘अस्तनीतला निखारा’ म्हणताना आपण अंगरख्याची लांब बाही डोळ्यांपुढे आणतो. चोळीला अस्तनी नसते, बाहीच असते. फाटलेल्या शालीला रफू होतो, तो रफूगराकडून, पैसे देऊन. घरी लावतात ते ठिगळ. ‘शिवण’ आणि ‘शिलाई’ यांतही हाच भेद आहे. शिलाई घेतली जाते किंवा दिली जाते; शिवण घेऊन बसतात. घरातही अस्तर लागतेच, तेव्हा हा नियम काटेकोर नव्हे. परंतु फारसी शब्द बव्हंशी उंबरठ्याबाहेर राहिला, असे म्हणावयास हरकत नाही. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (१९३५) मध्ये श्याम पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट करतो, तो शिंप्याकडे शिवून घेतो. कोट हा घरी शिवण्याचा कपडा नव्हता.

पोर्तुगीज थर सर्वांत लहान, पण मोठा बोलका आहे. गोवा १५१० साली आणि वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली. ‘फीत’ हा त्यांचा ‘फिता’ होय आणि ‘काज’ हा त्यांचा ‘काझा’. या शब्दाचा पोर्तुगीजमधला मूळ अर्थ घर. ज्या छिद्रात बटण राहते ते बटणाचे घर. (आपणही ‘चष्म्याचे घर’ म्हणतोच.) बटण हा शब्द इंग्रजीचा की पोर्तुगीजचा, हा वाद बाजूस ठेवला तरी काजाच्या कुळाविषयी संशय उरत नाही. त्यापूर्वी आपल्याकडे गुंडी होती, फासा होता आणि मुख्यतः बंद होता. बारा बंदांची ती बाराबंदी. पुढे शिवणवर्गांतून ‘काजटाका’ असा जोडशब्द रूढ झाला. त्याच्या पूर्वपदाने समुद्र ओलांडला आहे आणि उत्तरपद येथलेच आहे.

आता घरात यावे. तान्ह्या मुलाचे कपडे म्हणजे झबले, अंगडे, टोपडे, कुंची, लंगोट, दुपटे. या यादीत काज असलेला एकही कपडा नाही. सर्व बंदांनी बांधावयाचे. थोरांच्या अंगावरून बाराबंदी उतरली, बटणाचा सदरा आला, तरी बाळाच्या पाठीवरचा बंद सुटला नाही. याचे कारण परंपरेचा अभिमान हे नसून मुलाची पाठ हे आहे: निजलेल्या बाळाला बटण टोचते आणि सुटलेले बटण तोंडात जाते. शिवाय बंदांमुळे कपडा सैल करता येतो, म्हणून तो अधिक दिवस पुरतो. झबल्याचा बेतही असाच काटकसरीचा. कापडाचा एकच तुकडा खांद्यावर दुमडावयाचा, गळा कोरावयाचा, काखेपासून खाली दोन्ही बाजूंना शिवण घालावयाची. (घरात ‘काख’, शिंप्याकडे ‘बगल’.) हे कापड नवे नसे. नव्या कापडाची खळ कोवळ्या अंगाला टोचते, म्हणून आजीचे जुनेर घ्यावयाचे. आणि जन्मापूर्वी काही शिवून ठेवू नये असा संकेत अनेक घरांत असल्यामुळे पुष्कळसे काम बाळंतिणीच्या खोलीबाहेर घाईघाईने होई. ‘दुपटे’ या नावातच दोन पट आहेत. त्यांची संख्या वाढत गेली की गोधडी किंवा वाकळ होते, दक्षिणेकडे कानडी मुलुखाच्या सीमेवर तिलाच कौदी म्हणतात. टाका मात्र सर्वत्र तोच, धावदोरा.

मूल वाढू लागले की घरच्या शिवणाचे खरे कौशल्य दिसते. परकर ‘वाढत्या अंगाचा’ शिवावयाचा, म्हणजे खाली रुंद दुमड ठेवावयाची व वर एकदोन चुण्या घालून ठेवावयाच्या. दरवर्षी एकेक उसवली जाई आणि तिच्या जागी न विटलेल्या रंगाचा पट्टा उरे. माझ्या आजीच्या पेटीत असा एक परकर होता. त्यावरचे तीन पट्टे मोजून मावशीची तीन वर्षे सांगता येत. मापाप्रमाणे कापड कापणे याला ‘बेतणे’ म्हणतात. हिंदीतले ‘ब्योंतना’ त्याचे सोयरे. जेवणाचा बेत, बेताची मिळकत आणि जिवावर बेतणे या प्रयोगांशेजारी ही क्रिया ठेवली, की तुटपुंज्या कापडापुढे कातर घेऊन बसलेली व्यक्ती आपोआप दिसू लागते.

एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टी घडल्या: शिवण शाळेत गेले आणि यंत्र घरात आले. मिशनरी कन्याशाळांत सुईकाम प्रथमपासून होते. पुण्यात १८८४ साली मुलींचे हायस्कूल निघाले, तेव्हा अभ्यासक्रमावरून उठलेल्या वादात टिळकांच्या ‘मराठा’ पत्राने इंग्रजी शिक्षणापेक्षा शिवणकामासारख्या गृहोपयोगी विषयांची बाजू घेतली. म्हणजे मुलींना थोडेच शिकवावे असे म्हणणाऱ्यांच्या हाती सुई हे एक साधन झाले. परंतु १९०९ साली स्थापन झालेल्या पुणे सेवासदनासारख्या संस्थांत हीच सुई निराधार स्त्रियांच्या उपजीविकेला लागली. शेजारणीचे पोलके शिवून देणारी बाई ‘शिलाई’ घेऊ लागली. उंबरठ्याबाहेरचा शब्द आत आला, आणि त्याबरोबर तिच्या श्रमाचा पहिला हिशेबही.

सिंगर याने यंत्राचे एकस्व १८५१ साली घेतले. कलकत्त्यात ‘उषा’ यंत्रे १९३०च्या दशकात होऊ लागली. येथे एक क्रियापद बदलले. टाका घालतात, धावदोराही घालतात. यंत्रावर मात्र टीप ‘मारतात’. आजही एकच स्त्री दोन्ही क्रियापदे आपापल्या जागी न चुकता वापरते.

कोशकारांनी या शब्दांना पुरेसा न्याय दिला, असे वाटत नाही. मोल्सवर्थपासून (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’पर्यंत (१९३२–३८) मुलांच्या वस्त्रांची नावे आहेत, पण अर्थ बहुधा ‘लहान मुलाचा एक कपडा’ या धर्तीचा. अंगडे आणि झबले यांच्या बेतात फरक काय, हे शिवणारीला विचारल्याशिवाय कळत नाही. तयार कपड्यांच्या काळात शिवणारीही विरळ होत चालली आहे. एका ठिकाणी मात्र बेताची आठवण अनपेक्षितपणे राहिली. वर दोन बंद आणि मध्ये कोरलेला गळा अशा आकाराच्या प्लॅस्टिकच्या पिशवीला बाजारात ‘झबला पिशवी’ म्हणू लागले. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा हा शब्द वर्तमानपत्रांतून सर्वत्र छापला गेला, आणि ज्यांनी कधी झबले शिवले नव्हते त्यांनाही त्याचा आकार सांगावा लागला नाही.