ख्रिस्तपुराण : ख्रिस्तजन्माचे निरूपण

येशू पृथ्वीवर का आला, या प्रश्नावर मराठीत रचलेला पहिला मोठा काव्यग्रंथ. कर्ता फादर थॉमस स्टीफन्स (सु. १५४९–१६१९) हा जन्माने इंग्रज आणि जेजुइट संघाचा धर्मगुरू. १५७९ साली तो गोव्यात उतरला आणि पुढचे आयुष्य त्याने तिथेच, बहुतांशी सासष्टी भागात, घालवले. १६१६ मध्ये राचोलच्या जेजुइट विद्यालयात ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. मुखपृष्ठावर पोर्तुगीज नाव होते. आपला तारक येशू ख्रिस्त याच्या जगात येण्याविषयीचे निरूपण, असा त्याचा आशय. जुनी पुराणे बंद झाली, मग त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही, असे एक नवख्रिस्ती ब्राह्मण विचारतो आणि पाद्री ओव्यांतून उत्तर देऊ लागतो, अशी ग्रंथाची मांडणी आहे.

मिळून सुमारे ११,००० ओव्यांचे दोन भाग आहेत. ‘पहिले पुराण’ ३६ अवस्वरांचे (अध्यायांचे), ‘दुसरे पुराण’ ५९ अवस्वरांचे. थेट गोठ्यातल्या बाळापाशी पोहोचण्याची घाई असलेल्या वाचकाला पहिला भाग लांबण वाटेल; पण ‘का’चे उत्तर तिथेच आहे. देवाने माणूस घडवला, आदाम-एवेने आज्ञा मोडली आणि पाप व मृत्यू साऱ्या वंशाच्या वाट्याला आले. ते ऋण फेडण्याची ऐपत माणसात नव्हती. नोहा, अब्राहाम, मोशे, दावीद आणि संदेष्टे यांच्या कथांतून तारणाऱ्याची वाट पाहणे चालते. दुसऱ्या भागात मरियेला देवदूताचा निरोप येतो, बेथलेहेमात जन्म होतो आणि कथा क्रूस व पुनरुत्थानापर्यंत जाते. नाताळचा ख्रिस्ती अर्थ या क्रमातच आहे: देवपुत्राने वैभव बाजूला ठेवून मानवी देह घेतला, तो मरणापर्यंत आज्ञाधारक राहून माणसाचा देवाशी तुटलेला संबंध जोडण्यासाठी. जन्माची वार्ता आधी मेंढपाळांना मिळते, ही लूकच्या शुभवर्तमानातील गोष्ट या नम्रतेला धरूनच आहे.

ऋण आणि भरपाईचा हा विचार अकराव्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती धर्मपंडित अॅन्सेल्मने तर्कशुद्ध मांडला होता. सर्वांना तो पुरेसा वाटला नाही. पाप घडले नसते तरी देव माणूस झालाच असता, असे नंतरचा धर्मपंडित डन्स स्कोटस मानी.

ख्रिस्तपुराणाच्या सतराव्या शतकातील छापील प्रती आज उपलब्ध नाहीत. ग्रंथ हस्तलिखितांतून टिकला. १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी रोमन लिपीत, १९५६ मध्ये पुण्यात शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत आणि २००९ मध्ये बंगळुरूच्या क्रिस्तु ज्योती प्रकाशनातर्फे फादर नेल्सन फल्काव यांनी तो प्रसिद्ध केला. हाच विषय घेऊन कवी ना. वा. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे काव्य आरंभले. १९१९ साली त्यांच्या निधनाने ते अपुरे राहिले आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांनी पूर्ण केले.