लक्ष्मीनारायण-निधि व नागपूरची तंत्रविद्या

गोरेगांव हें आज गोंदिया जिल्ह्यांतील एका तालुक्याचें ठाणें आहे; १ मे १९९९ पूर्वीं तें भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. ह्या भाताच्या मुलखांत जुने कागद शोधणारा संग्राहक बहुधा मालगुजारीचीं दप्तरें, वाजिब-उल्-अर्ज व तलावांच्या पाण्याचे ठराव ह्यांकडेच वळतो. परंतु त्याच जुन्या जिल्ह्यांत चिखला व डोंगरी बुजुर्ग येथें जमिनीखालीं दुसरी एक संपत्ति होती. तशाच संपत्तीच्या उत्पन्नांतून नागपुरास तंत्रविद्येचें विद्यालय उभें राहिलें. त्या विद्यालयाचा पैसा कोणाच्या हातीं राहिला व त्याचा परिणाम काय झाला, एवढाच विचार आम्हांस येथें करावयाचा आहे.

नागपूर, भंडारा व बालाघाट ह्या तीन जिल्ह्यांतून मँगनीजचा पट्टा जातो. १९०० च्या सुमारास त्याचें खाणकाम सुरू झालें. पुढें बालाघाटकडून येणारी अरुंद रुळांची रेल्वे गोंदियास मुख्य मार्गाला मिळाली. ह्या धंद्यांत ज्या एतद्देशीय खाणमालकांनीं द्रव्य मिळविलें, त्यांत कामठीचे डी. लक्ष्मीनारायण हे प्रमुख होत. १९३० सालीं त्यांनीं सुमारें ३५ लक्ष रुपयांचा निधि नागपूर विद्यापीठास दिला. विद्यापीठाची स्थापना १९२३ ची. म्हणजे तें तेव्हां अवघें सात वर्षांचें होतें. उपयोजित विज्ञान व रसायन ह्यांच्या शिक्षणाकडे हें द्रव्य लागावें, असा दात्याचा हेतु होता. लक्ष्मीनारायण तंत्रविद्यालय सुरू झालें तें १९४२ सालीं. दान आणि विद्यालय ह्यांमध्यें बारा वर्षें गेलीं.

हा विलंब एकट्या नागपूरचा नव्हे. १८७७ सालीं नागपुरास एम्प्रेस मिल चालू करणारे जमशेटजी टाटा ह्यांनीं विज्ञानसंस्थेसाठीं आपली मिळकत १८९८ सालीं देऊं केली. तिची व्यवस्था ठरविणारा सरकारी हुकूम निघाला १९०९ सालीं, व बंगलोरास वर्ग भरले १९११ सालीं. द्रव्य असलें म्हणजे संस्था झाली असें होत नाहीं. मुद्दल कोणीं राखावयाचें, उत्पन्न कोणीं खर्चावयाचें व हिशेब कोणास द्यावयाचा, हे तीन प्रश्न आधीं सुटावे लागतात.

पेशवाईंतील दक्षिणेचा इतिहास आमच्या वाचकांस परिचित आहे. सेनापति दाभाड्यांनीं सुरू केलेली ही विद्वानांची संभावना पेशव्यांनीं चालविली. १८१८ नंतर खजिना इंग्रजांकडे गेला, तेव्हां १८२१ सालीं त्याच रकमेंतून पुण्यास विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. पुढें मराठी ग्रंथांस बक्षिसें व महाविद्यालयांतील दक्षिणा फेलोही त्यांतूनच झाले. हे फेरफार हितकर होते किंवा नव्हते हा प्रश्न निराळा. थैली ज्याच्या हातीं, हेतु त्याच्या हातीं, एवढें त्यावरून दिसतें. नागपुरास थैली विद्यापीठाच्या हातीं होती, परंतु हेतु आधींच ठरून गेला होता. म्हणून आज नऊ दशकांनंतरही तेथें रसायनविद्याच शिकविली जाते.

तथापि ह्या व्यवस्थेची दुसरीही बाजू आहे. विद्यालयास दात्याचें नांव मिळालें, पण स्वतःची थैली मिळाली नाहीं. विद्यापीठाचा एक घटक म्हणून त्याला आपल्या मोठ्या खर्चाच्या मंजुरीसाठीं विद्यापीठाच्या सभांकडेच पाहावें लागे. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रविद्येच्या विभागाचा मार्ग येथें ताडून पाहण्याजोगा आहे. १९३३ सालीं स्थापन झालेल्या ह्या विभागाचें कापडगिरण्यांशीं व रंगांच्या धंद्याशीं प्रथमपासून नातें होतें. उद्योगांच्या देणग्यांतून तेथें अध्यापकपदें निर्माण झालीं, कारखान्यांस सल्ला देण्याची प्रथा रुजली, व माजी विद्यार्थीही हात देऊं लागले. एका थोर दानाऐवजीं पुष्कळ लहान ओघ आले. २००८ सालीं ती संस्था अभिमत विद्यापीठ झाली. नागपूरच्या विद्यालयास मात्र स्वतंत्र राज्य विद्यापीठाचा दर्जा २०२३ सालीं मिळाला.

स्वतंत्रतेनें जुना प्रश्न संपत नाहीं, उलटा होतो. पूर्वीं राखणारा एक व खर्चणारा दुसरा, म्हणून काम अडे. आतां राखणारा व खर्चणारा एकाच घरचा, म्हणून मुद्दलास हात लागण्याचें भय अधिक. उद्योगाशीं व्यवहार करून उत्पन्न वाढविणें इष्टच आहे. परंतु दात्याचें मुद्दल व कमाविलेलें उत्पन्न ह्यांचीं खातीं निराळीं राहिलीं पाहिजेत आणि तीं लोकांस पाहावयास मिळालीं पाहिजेत. एरवीं दक्षिणेची कथा पुन्हा घडावयास वेळ लागणार नाहीं, व ह्या खेपेस तिला परकी सत्ता कारण नसेल.

ह्या इतिहासाचीं साधनें केवळ विद्यापीठाच्या कपाटांत नाहींत. खाणीचे पट्टे, रेल्वेच्या मालाच्या पावत्या, मजुरीच्या वह्या व ठेकेदारांचीं पत्रें तुमसर, गोंदिया, गोरेगांव ह्या बाजूच्या जुन्या घरांतून असण्याचा पुष्कळ संभव आहे. मोडी अक्षर नाहीं, शिक्का नाहीं, म्हणून असे कागद रद्दींत जातात. विद्यालयाच्या पायांत कोणाचे श्रम पडले हें सांगणारा पुरावा तोच आहे. संग्राहकांनीं सनदा जितक्या आस्थेनें जपल्या, तितक्याच आस्थेनें ह्या वह्याही जपाव्या, अशी आमची विनंति आहे.